प्रत्यारोपणानंतर ध्यान करताय? या चुका टाळा

किडनी ट्रान्सप्लांटनंतर डायलिसिस सुटतं, पण आजारपण पुरतं सुटत नाही. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या टॅक्रोलिमसने हात थरथरतात, स्टेरॉइडने रात्रीची झोप उडते आणि किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट येईपर्यंत जीव टांगणीला लागतो. यात माइंडफुलनेसचा, म्हणजे आत्ताच्या क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याच्या ध्यानाचा, खरोखर उपयोग होतो. अमेरिकेत अवयव प्रत्यारोपण झालेल्या १३८ जणांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आठ आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्यांची चिंता कमी झाली, झोपही सुधारली.

सगळ्यात घातक चूक म्हणजे लक्षणाकडे नुसतं शांतपणे बघत बसणं. दुखण्याशी झगडू नका, त्याची नोंद घ्या, असं ध्यानात शिकवतात. ते थकव्याला, थरथरीला लागू आहे. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, लघवी कमी झाली, वजन एकाएकी वाढलं किंवा नव्या किडनीच्या जागी दुखू लागलं, तर नोंद घ्यायची आणि त्याच क्षणी ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरला फोन लावायचा. कित्येकदा रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं, कसलंही लक्षण न देता सुरू होतं, म्हणून मन कितीही शांत असलं तरी रक्ततपासणी पुढे ढकलू नका.

ध्यानात गुंगून गोळीची वेळ चुकवू नका. उलट गोळीलाच ध्यान जोडा: अलार्म वाजला की कॅप्सूल तळहातावर घ्या, रंग बघा, पाण्याचा घोट घशातून उतरताना जाणवू द्या. एवढंही पुरतं.

श्वासावरच लक्ष ठेवायला हवं, असं मुळीच नाही. धाप लागणाऱ्याला त्याने जास्तच घाबरायला होतं. त्यांनी तळपायांचा जमिनीला होणारा स्पर्श किंवा पंख्याचा आवाज धरावा. कपालभाती म्हणजे माइंडफुलनेस नव्हे, आणि टाके ओले असताना पोटाला तसे हिसके नकोतच. नवी किडनी ओटीपोटात, जांघेच्या वर बसवलेली असते. मांडी घालून तिथे ताण येत असेल तर खुशाल खुर्चीत बसा.

ध्यानाबरोबर कुणीतरी प्रेमाने गुळवेलीचा काढा आणून देतं. तो घेऊ नका. तो प्रतिकारशक्ती वाढवायला म्हणून देतात, आणि तुमची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम दाबून ठेवलेली आहे. शिवाय कोविडच्या काळात गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवले आहेत.

आईने किंवा बायकोने किडनी दिलेली असली की ‘आता मी आनंदातच असायला हवं’ असं ओझं मनावर बसतं. डोळे मिटल्यावर रडू आलं तर येऊ द्या. उदासी दोन आठवडे हटली नाही, तर ट्रान्सप्लांट टीमला सांगा. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनी टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी बदलते, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळीही टीमला विचारूनच सुरू करा.