आगुंबेला जाताना या चुका टाळा

आगुंबेहून निराश होऊन परतणाऱ्यांची तक्रार बहुधा एकच असते: ‘सनसेट पॉइंटवर तासभर उभे राहिलो, पण धुक्याशिवाय काहीच दिसलं नाही.’ बरेच जण जुलै-ऑगस्टमध्ये गेलेले असतात. कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यातलं हे चिमुकलं गाव सह्याद्रीच्या अगदी कड्यावर, सुमारे ६५० मीटर उंचीवर वसलंय. समुद्रावरून आलेले ढग पहिल्यांदा अडतात ते इथेच. वर्षाला सात हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस, म्हणजे आपल्या आंबोलीच्या तोडीचा. १९४६ च्या एकट्या ऑगस्टमध्ये इथे सुमारे ४,५०० मिमी पाऊस पडला होता.

त्यामुळे आधी महिना ठरवा, बाकी सगळं त्यावरून ठरतं. धबधबे, बेडूक आणि शेवाळलेलं जंगल बघायचं असेल तर जून ते सप्टेंबर. समुद्रावरचा सूर्यास्त हवा असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी. एकाच फेरीत दोन्ही पदरात पडेल या आशेने जाऊ नका. ऑक्टोबरमध्ये कधीकधी जमून जातं, पण ते नशिबावर.

मोठ्या गाडीने निघणं

मुंबई-पुण्याकडून सोयीचा रस्ता म्हणजे कोकण रेल्वेने उडुपी आणि तिथून साधारण ५५ किमी घाटाने वर. या घाटात १४ अवघड वळणं आहेत, तीही इतकी आखूड की अवजड वाहनांना बंदीच आहे. प्रवासी वाहतूक मिनीबसने चालते. चाळीस जणांची लक्झरी बस ठरवून आलात तर दुसऱ्या घाटाने लांबचा वळसा पडेल. पावसाळ्यात दरड कोसळली की वाहतूक थांबवतात, म्हणून निघायच्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या घरी फोन करून घाट सुरू आहे का विचारा. स्वतः गाडी चालवत असाल तर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या, उतरताना खालचा गिअर ठेवा आणि धुक्यात हेडलाइट लो बीमवरच ठेवा. हाय बीमने समोर पांढरी भिंत उभी राहते. बसने आलात तर परतीची शेवटची बस किती वाजता आहे, हे कंडक्टरला उतरतानाच विचारून ठेवा. सूर्यास्त बघून परतणारे हमखास इथेच अडकतात.

जळू ओढून काढणं

पावसाळ्यात जळवा लागणारच. कन्नडमध्ये जळूला ‘इंबळ’ म्हणतात, हा शब्द वाटेत अनेकदा कानावर पडेल. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज हा सगळ्यात वाईट पोशाख: जीन्स चार दिवस वाळत नाही आणि जळू साध्या मोज्याच्या विणीतून आत शिरते. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे लीच सॉक्स घ्या आणि ते पँटच्या वरून चढवा. मीठ किंवा तंबाखूची पूड चोळून निघाल्यास पहिल्याच सरीत धुऊन जाते, म्हणून दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबून पाय तपासा.

चिकटलेली जळू ओढू नका, काडीने भाजू नका, तिच्यावर मीठही टाकू नका. तसं केल्याने ती पोटातलं जखमेत ओकते आणि जखम चिघळू शकते. तिचं निमुळतं टोक म्हणजे तोंड. त्या टोकाशी कातडीला नख टेकवून आडवं सरकवा, ते सुटलं की जाड टोक सोडवा आणि झटकून टाका. रक्त मात्र बराच वेळ वाहतं, कारण जळूच्या लाळेतला हिरुडिन नावाचा घटक ते गोठू देत नाही. घाबरू नका. साबणाने धुऊन स्वच्छ कापड दाबून धरा. खाज दोन-चार दिवस राहते, खाजवू नका.

फांदी धरून चढणं

आगुंबे नागराजासाठी, म्हणजे किंग कोब्रासाठी प्रसिद्ध आहे. इथल्या भाषेत तो ‘काळिंग सर्प’. तो मुख्यतः इतर साप खातो आणि माणसाची चाहूल लागली की निघून जातो. वाटेवर जास्त जपायचं ते मलबार चापडा या विषारी सापाला. ओढ्याकाठच्या झुडपात, कमरेच्या उंचीला, पानासारखा निश्चल बसतो, आणि घसरड्या वाटेवर आपला हात नेमका तिथेच आधार शोधतो. म्हणून हाताशी काठी ठेवा आणि बघितल्याशिवाय फांदी धरू नका. आडवं पडलेलं खोड लागलं तर आधी त्यावर पाय ठेवा आणि पलीकडे बघून मगच उतरा. रात्री अंगणातसुद्धा टॉर्चशिवाय पाऊल नको.

साप चावलाच तर पट्टी आवळणं, चिरा देणं, रक्त चोखणं यातलं काहीही करू नका. अंगठ्या, घड्याळ काढा, चावलेला अवयव हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करून थेट दवाखाना गाठा. आपल्याकडची नेहमीची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चार सापांसाठीच बनलेली आहे. त्यामुळे सापाचा फोटो सुरक्षित अंतरावरून सहज मिळाला तर डॉक्टरांच्या कामी येतो, पण त्यासाठी सापामागे जाऊ नका. पैसे घेऊन ‘किंग कोब्रा दाखवतो’ म्हणणाऱ्याच्या मागेही जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने साप पकडणं, डिवचणं गुन्हा आहे आणि मार्च ते मे हा त्यांच्या विणीचा काळ असतो.

बरकणा किंवा ओनके अब्बी या धबधब्यांकडे वन खात्याची परवानगी न घेता शिरू नका. जोगीगुंडीच्या डोहात पावसाळ्यात उतरू नका, वरून शांत दिसणाऱ्या पाण्यालाही आत ओढ असते.

हिवाळ्यात निर्धास्त राहणं

जळवा नाहीत म्हणजे धोका संपला, असं नाही. डिसेंबर ते मे हा माकडतापाचा काळ. १९५७ मध्ये याच जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. पुढे तो सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांदा भागात आणि गोव्यात सत्तरीतही दिसला. तो गोचिडीच्या चाव्यातून होतो, आणि तिची पिल्लं तिळाहूनही बारीक असतात. पालापाचोळ्यावर बसू नका, फिकट रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाका, काखा, जांघा आणि गुडघ्यामागे नीट बघत आंघोळ करा. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला कळवा. घरी आल्यावर आठवड्या-दीड आठवड्यात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा: ‘मी शिमोग्याच्या जंगलात जाऊन आलोय.’