विटमनचे १३८ रणगाडे: आकडा उघडून कसा बघायचा

मुंबईतल्या कुठल्याही कट्ट्यावर दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की जर्मनांचा टायगर रणगाडा येतो आणि त्याच्यामागोमाग त्यावरचा जर्मन कमांडर मिखाएल विटमन. १३८ रणगाडे आणि १३२ रणगाडाभेदी तोफा, हा त्याच्या नावावरचा हिशेब पाठ असलेले बरेच जण भेटतात. तो खरा की खोटा यावर वाद घालण्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही. एकूण बेरीज तपासता येत नाही. एक दिवस मात्र तपासता येतो. व्याख्यानासाठी किंवा लेखासाठी या माणसावर काम करायचं असेल, तर दोनच दिवस घ्या: १३ जून १९४४ (फ्रान्समधल्या नॉर्मंडीतल्या विलेर-बोकाज गावातली लढाई) आणि ८ ऑगस्ट १९४४ (त्याचा मृत्यू). त्याच्या नावावरचे बहुतेक रणगाडे पूर्व आघाडीवरचे आहेत, पण सुरुवात तिथून करू नका. नॉर्मंडीत समोरच्या बाजूचे कागद इंग्रजीत आहेत, म्हणून हात तिथे बसवावा.

आधी एक तक्ता आखा. रकाने असे: तारीख, ठिकाण, नकाशावरचे अंक, घड्याळ, दावा किती, दावा कोणी केला आणि तो केव्हा लिहिला गेला, समोरची तुकडी, तिने स्वतः नोंदवलेलं नुकसान, नुकसानीचा प्रकार, आणि त्याच वेळी तिथे आणखी कोण गोळे मारत होतं. यातला ‘केव्हा लिहिला गेला’ हा रकाना बहुतेक जण गाळतात, आणि नेमका तोच सर्वांत उपयोगाचा आहे. त्याच संध्याकाळचा अहवाल आणि तीस वर्षांनंतरची आठवण या दोन गोष्टी एका ओळीत मांडायच्या नाहीत. माहिती नसेल तिथे रकाना कोरा ठेवा, अंदाज भरू नका.

मग प्रत्येक तारखेपुढे हुद्दा, तुकडी आणि रणगाड्याचा क्रमांक लिहा. विटमनचा जन्म १९१४ चा, बव्हेरियातला. १९४१ मध्ये रशियात तो असॉल्ट गनवर (बुरूज नसलेल्या चिलखती तोफगाडीवर) होता, टायगर त्याला १९४३ मध्ये मिळाला, आणि कुर्स्कच्या लढाईत तो एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेच्या) लाइबश्टांडार्ट डिव्हिजनच्या टायगर कंपनीत होता. नॉर्मंडीत तो १०१ व्या जड एसएस पँझर बटालियनच्या दुसऱ्या कंपनीचा प्रमुख होता. त्याचा ठरलेला रणगाडा २०५, पण १३ जूनला तो २२२ मध्ये बसला आणि ८ ऑगस्टला ००७ मध्ये. त्यामुळे २०५ चा फोटो दाखवून कोणी ‘विलेर-बोकाजच्या लढाईतला विटमन’ म्हणालं, तर फोटोखालची ओळ चुकीची आहे हे बुरुजावरच्या (तोफ बसवलेल्या फिरत्या भागावरच्या) आकड्यावरूनच कळतं.

शिकार नेमकी कोणाची, हेही ठरवावं लागतं. टायगरमध्ये पाच जण असतात, नेम तोफची धरतो आणि आकडा कमांडरच्या नावावर चढतो. विटमनचा तोफची बाल्थाझार वोल याला जानेवारी १९४४ मध्ये स्वतंत्र नाइट्स क्रॉस (जर्मन शौर्यपदक) मिळाला होता, त्याच्या वाट्याचं श्रेय जर्मन बाजूनेही मान्य केलं होतं. उलट कुर्ट क्निस्पेल या दुसऱ्या जर्मन रणगाडा कमांडरच्या नावावर १६८ सांगतात, त्यात त्याने तोफची असताना मारलेले बरेच आहेत, आणि त्याला नाइट्स क्रॉस कधीच मिळाला नाही. या दोघांचे आकडे शेजारी ठेवून ‘पहिला कोण’ विचारणं निरर्थक आहे, मोजायची पट्टीच वेगळी. मुंबईत जन्मलेल्या लेफ्टनंट कर्नल आर्देशीर तारापोर यांचं १९६५ चं परमवीर चक्राचं मानपत्र या जोडीला जरूर वाचा. त्यातले साधारण साठ रणगाडे पूना हॉर्स रेजिमेंटने मारलेले आहेत, आणि शेजारीच स्वतःचे नऊ गमावल्याची नोंदही आहे. श्रोत्यांना फरक दाखवायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळणार नाही.

आता घड्याळ. मुंबईत १९५५ पर्यंत चाललेला बॉम्बे टाइम भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे असे. दोन घड्याळं एका शहरात असली की काय गोंधळ होतो हे मुंबईकराला वेगळं सांगायला नको. १९४४ च्या उन्हाळ्यात नॉर्मंडीत ब्रिटिश आणि जर्मन दोघंही ग्रिनिचच्या दोन तास पुढे होते, म्हणून वेळा थेट जुळतात. पूर्व आघाडीवर तसं नाही. मॉस्को वर्षभर तीन तास पुढे, त्यामुळे कुर्स्कच्या वेळी दोन्ही बाजूंत एक तासाचा फरक आणि जानेवारी १९४४ मध्ये दोन तासांचा. हे न बघता जुळवाजुळव केली की एकच चकमक दोनदा मोजली जाते.

समोरच्या बाजूचे कागद घरबसल्या बरेच मिळतात. कॅनेडियन रेजिमेंट्सच्या वॉर डायऱ्या (तुकडीच्या रोजच्या नोंदी) स्कॅन होऊन मोफत उपलब्ध आहेत. ब्रिटिश डायऱ्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ १७१ या मालिकेत आहेत, प्रत मागवता येते. जर्मन कागदांच्या मायक्रोफिल्म अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत: वाफेन-एसएससाठी (एसएसच्या लढाऊ सैन्यासाठी) टी-३५४, कोअरसाठी टी-३१४. सोव्हिएत कागदांसाठी रशियन संरक्षण खात्याची ‘पाम्यात नारोदा’ ही साइट आहे. पुण्यातल्या खडकीच्या वॉर सेमेटरीतली नावं ज्या कॉमनवेल्थ यादीत आहेत, त्याच यादीत तारीख आणि रेजिमेंट टाकून १३ जूनचे मृत शोधता येतात. पण रणगाडा गेला आणि माणसं वाचली किंवा कैद झाली, तर त्या यादीत काहीच दिसत नाही. मृतांच्या संख्येवरून रणगाडे मोजू नका. छापील पुस्तकांसाठी आधी फोर्टातल्या टाऊन हॉलमध्ये एशियाटिकचा कॅटलॉग बघा, मगच खरेदीला हात घाला.

विलेर-बोकाजचा दिवस असा सोडवा. समोर ७ वी आर्मर्ड डिव्हिजन, तिची २२ वी आर्मर्ड ब्रिगेड, पुढे चौथी काउंटी ऑफ लंडन योमनरी ही रणगाडा रेजिमेंट आणि रायफल ब्रिगेडची एक पायदळ कंपनी. रणगाडे गाव ओलांडून कॅन शहराच्या रस्त्यावर पॉइंट २१३ या उंचवट्याकडे गेले होते, मागे रस्त्यावर हाफट्रॅक आणि कॅरिअर ही पायदळाची वाहनं रांगेने उभी होती. विटमनच्या पंधरा-वीस मिनिटांच्या हल्ल्याला साधारण १३ ते १४ रणगाडे, २ रणगाडाभेदी तोफा आणि १३ ते १५ इतर वाहनं जोडली जातात. दिवसभराचं ब्रिटिश नुकसान २३ ते २७ रणगाड्यांचं. पॉइंट २१३ वरचे रणगाडे इतर टायगरवाल्यांच्या हातात पडले, आणि दुपारच्या गावातल्या लढाईत विटमन नव्हताच. त्याचा रणगाडा तोवर निकामी होऊन तो चालत निसटला होता. जर्मन प्रचाराने मात्र दिवसभराची जवळपास सगळी बेरीज त्याच्या पदरात टाकली. बहुतेक चुकीचे आकडे इथूनच निघतात.

‘रणगाडा’ म्हणजे काय, तेही बघा. त्या दिवशी गावात उभ्या असलेल्या रणगाड्यांत तोफखान्याच्या निरीक्षकांचेही होते, आणि त्यातल्या काहींची तोफ लाकडी होती. हलके स्टुअर्टही होते. यादीत सगळे ‘रणगाडे’च, पण टायगरसमोर त्यांची ताकद क्रॉमवेल किंवा फायरफ्लाय या ब्रिटिश रणगाड्यांच्या जवळपासही नव्हती. शिवाय निकामी, सोडून दिलेला आणि जळून खाक हे तीन वेगळे प्रकार आहेत. लढाईनंतर मैदान ज्याच्या ताब्यात राहतं तो आपले निकामी रणगाडे ओढून नेतो आणि दुरुस्त करतो. शत्रूच्या दृष्टीने मेलेला रणगाडा आठवड्याने पुन्हा समोर येतो. पूर्व आघाडीवरचे दावे जर्मन लष्कराच्या स्वतःच्या गुप्तवार्ता विभागानेच निम्मे करून धरले होते. पण म्हणून १३८ ला दोनने भागून ६९ लिहू नका. ती कपात सगळ्या सैन्याच्या बेरजेसाठी होती, एका माणसासाठी नव्हे.

८ ऑगस्टला दिशा काढता आली की निम्मं काम होतं. टायगर कॅन-फालेझ रस्त्याच्या बाजूने उत्तरेकडे निघाले होते. म्हणजे त्यांची उजवी बाजू पूर्वेला, सेंत-एन्यांच्या झाडीतल्या पहिल्या नॉर्थम्प्टनशायर योमनरीकडे, आणि डावी बाजू पश्चिमेला, गोमेनीलजवळच्या कॅनडाच्या शेरब्रूक फ्युजिलिअर्सकडे. पहिल्या बाजूने फायरफ्लायचा तोफची जो एकिन्सचं नाव सांगतात. त्याने दुपारी पाऊण ते एकच्या सुमारास काही मिनिटांत तीन टायगर मारल्याची नोंद आहे. दुसऱ्या बाजूचा आधार म्हणजे ००७ च्या सांगाड्याच्या डाव्या मागच्या भागातलं नुकसान. विमानातल्या रॉकेटची गोष्टही चालते, पण तिचा पुरावा सर्वांत कच्चा. एक साधा नकाशा काढून त्यावर बाण दाखवा, श्रोते स्वतःच बाजू ओळखतात. बुरूज उडालेला दिसतो त्यावरून मात्र मारणारा ठरवू नका. आतला दारूगोळा पेटला की बुरूज उडतो, गोळा कुठूनही आलेला असो. विटमन आणि त्याच्या साथीदारांचे अवशेष १९८३ मध्ये सापडले, आता ते ला काम्बच्या जर्मन दफनभूमीत आहेत.

कीर्तीसाठी दुसरा तक्ता करा आणि त्यात फक्त तारखा लिहा. जानेवारी १९४४ च्या मध्याला नाइट्स क्रॉस, ३० जानेवारीला ओक लीव्ह्ज, २२ जूनला स्वोर्ड्स (या त्याच पदकाच्या वरच्या पायऱ्या). विलेर-बोकाज आणि स्वोर्ड्स यांत नऊ दिवस आहेत. एवढ्या वेळात शत्रूचं नुकसान कोणी मोजून बघितलेलं नाही, पदक आणि प्रसिद्धी दाव्यावरच उभी आहे. तो वाफेन-एसएसचा अधिकारी होता, आणि न्यूरेंबर्गच्या न्यायालयाने १९४६ मध्ये एसएसला गुन्हेगारी संघटना ठरवलं. हे पहिल्याच स्लाइडवर टाका, शेवटच्या तळटीपेत नको. ‘वीर’ हा शब्द आपल्याकडे सहज येतो, पण इथे ‘नावाजलेला टायगर कमांडर’ एवढं पुरे.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक वाक्यात बाजू आणि दर्जा आला पाहिजे. ‘त्याने २५ रणगाडे मारले’ असं लिहू नका. ‘जर्मन दावा इतका, ब्रिटिश नोंदीत दिवसभराचं नुकसान इतकं, त्यातलं विटमनच्या हल्ल्याला जोडता येईल ते इतकं’ अशी तीन अंगांची ओळ लिहा. तिसऱ्या जागी नेमका आकडा येत नसेल तर दोन टोकं द्या. तक्ता श्रोत्यांना वाटून टाका. एखाद्या रकान्यातली चूक दुसऱ्या कोणाच्या नजरेला पटकन येते.