माइट्स लागलेला पाळीव साप आणि क्वारंटाइन: म्हापशातल्या दवाखान्यातला माझा अनुभव

गेली चार वर्षं मी म्हापशात एका प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करते, घर डिचोलीला. कुत्री-मांजरं असतातच, पण आमच्या डॉक्टरांना सापांचं कळतं म्हणून कोणी सोडून दिलेले, जप्त केलेले पाळीव साप वनखात्यातर्फे आमच्याकडे येतात. बहुतेक बॉल पायथन, कधी कॉर्न स्नेक, दोन्ही बिनविषारी परदेशी साप. हल्ली बरीच मुलं विचारतात की हे काम शिकायचंय, सुरुवात कुठून करू? मी सांगते, माइट्सपासून करा, म्हणजे सापाच्या अंगावर बसून रक्त पिणारे गोचिडांच्या जातीचे अगदी बारीक जीव. साप हातात कसा घ्यायचा ते महिन्या-दोन महिन्यांत जमतं, माइट्स कळायला मला अख्खा पावसाळा लागला आणि त्यात एका सापाचा जीव जाता जाता वाचला.

आधी कागदपत्रांचं सांगते, कारण नवीन लोक इथेच फसतात. आपले देशी साप, म्हणजे धामण असो, नाग असो, अजगर असो, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने घरी ठेवायचेच नाहीत. ते दिसले तर वनखातं, बस. बॉल पायथन परदेशी, पश्चिम आफ्रिकेतला, पण तो साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे, आणि आपल्या वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर असे प्राणी बाळगणाऱ्यांना नोंदणी सक्तीची झाली, २०२४ मध्ये त्याचे नियमही आले, नोंद केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करायची. म्हणून कोणी प्रेमाने "घेऊन जा गो, तुला आवडतात ना" म्हटलं तरी कागद बघितल्याशिवाय हात लावू नका.

आता ती जुलैची गोष्ट. भाड्याच्या फ्लॅटमध्ये कोणीतरी दोन बॉल पायथन एका क्रेटमध्ये ठेवून निघून गेलं होतं. आमच्याकडे आले तेव्हा हाडं वर आलेली, एकाच्या डोळ्यावर जुनी कात अडकलेली. मी अंगावरून पांढरा टिश्यू फिरवला, काही दिसलं नाही, म्हणून दोघांना वेगवेगळ्या टबात घालून त्याच खोलीत ठेवलं जिथे दोन महिन्यांपासून एक कॉर्न स्नेक होता. साप उचलायचा हुक एकच, टॉवेल एकच. साधारण तीन आठवड्यांनी कॉर्न स्नेक दिवसभर पाण्याच्या भांड्यात बसायला लागला. उकडत असेल, कात टाकायची वेळ आली असेल असं मला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्या कारणांनीही साप पाण्यात बसतात, पण मी भांड्यात वाकून बघितलंच नाही. चौथ्या दिवशी पाणी बदलताना तळाशी काळी खसखस सांडल्यासारखे ठिपके. खसखस चालत नाही, हे ठिपके चालत होते.

डॉक्टर आल्या, सापाचं तोंड उघडून बघितलं, आतला गुलाबी रंग पांढरट झालेला, म्हणजे रक्त कमी झालेलं. मी सापाच्या अंगावरच्या माइट्स टिपत बसले होते तर म्हणाल्या, "अगो, साप मी बघते, तू खोली बघ." त्या दिवसापासून मी हे काम त्याच नजरेने करते.

कारण माइट सापावर राहतच नाही नुसती. ती रक्त पिते, फुगते, आणि अंडी घालायला उतरून जाते, अंधारी, दमट, शक्यतो उंचावरची फट शोधत. झाकणाची आतली कड, वायर आत जाते ते भोक, लाकडाची चीर. एक मादी आयुष्यात ६० ते ८० अंडी घालू शकते, ती काही दिवसांत फुटतात, आणि आपल्याकडच्या उबेत दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी रक्त प्यायला तयार. वाढीच्या पाच अवस्था, त्यातल्या दोनच रक्त पितात, बाकीच्या सापाबाहेर कुठेतरी असतात. म्हणून माझा टिश्यू कोरा निघाला आणि क्रेटच्या कडांमध्ये सगळं भरलेलं होतं. आणि गोव्याचा पावसाळा! कोरड्या हवेत माइट्स सुकून मरतात, इथे जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात, त्यांना यापेक्षा चांगलं काय पाहिजे.

आता आम्ही काय करतो ते सांगते. नवीन साप वेगळ्या खोलीत, वेगळी खोली नसेल तर तो साप घ्यायचाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या पेटीतून आला ती आत आणायची नाही, कापडी पिशवी असेल तर उकळत्या पाण्यात, पुठ्ठा असेल तर जाळून टाकायचा. राहायला गुळगुळीत प्लास्टिकचा टब, खाली पांढरा कागद, लपायला पुठ्ठ्याचा खोका जो दर स्वच्छतेला फेकून देता येतो. नारळाचा भुसा, झाडाची साल, लाकूड काही नाही, दिसायला छान असतं पण प्रत्येक चिरेत अंडी. टब एका परातीत साबणाच्या पाण्यावर उभा करायचा, आमची आई मुंग्यांसाठी मीटसेफच्या पायाखाली पाण्याच्या वाट्या ठेवायची तसंच. कामाचा क्रम कायम ठरलेला, आधी निरोगी साप, सगळ्यात शेवटी क्वारंटाइन, आणि तिथून निघाल्यावर कपडे बदलून आंघोळ, मग त्या दिवशी दुसऱ्या सापाला हात नाही. हुक, चिमटे, भांडी त्या खोलीची त्याच खोलीत, लाल चिकटपट्टी लावून ठेवलीत म्हणजे चुकून बाहेर जात नाहीत.

तपासताना डोळ्यांच्या कडा, हनुवटीखालची खाच, आणि शेपटी सुरू होते तिथली विष्ठेची जागा भिंग लावून बघायची. खवला उचलल्यासारखा दिसला तर खाली कोणीतरी बसलेलं असतं. गडद अंगावर पांढरी धूळ दिसली तर ती माइट्सची विष्ठा. कोमट पाण्यात अर्धं अंग बुडेल इतक्या उंचीत वीस-पंचवीस मिनिटं बसवलं की बऱ्याच बुडतात, पण उरलेल्या डोक्याकडे चढतात म्हणून डोकं ओल्या कापसाने हलकेच पुसायचं, आणि साप पाण्यात असताना फोन आला तरी उठायचं नाही.

औषधाबद्दल मी डोस सांगणार नाही आणि कृपया दुसऱ्या कोणाला विचारून करूही नका. कुत्र्याच्या गोचिडांचा स्प्रे सरळ सापावर मारलेला एक साप आमच्याकडे आला होता, मान फिरवत होता, सरळ राहताच येईना. औषध, प्रमाण, कुठे पुसायचं ते सरीसृपांचं कळणाऱ्या डॉक्टरने वजन करून ठरवायचं. आयव्हरमेक्टिन हे औषध तर कासवांना मारतं, घरात कासव असेल तर आधी सांगा. औषध लावताना पाण्याचं भांडं काढायचं, टब पूर्ण सुकून हवा खेळल्यावरच साप आत. आणि बहुतेक औषधं अंड्यांना मारत नाहीत, म्हणून सगळं स्वच्छ दिसत असलं तरी डॉक्टर सांगतील तेव्हा परत करायचंच, नवीन लोक नेमके तिथेच थांबतात.

क्वारंटाइनचे आम्ही ९० दिवस मोजतो, आणि मोजणी साप आला त्या दिवसापासून नाही, शेवटची माइट दिसली त्या दिवसापासून. या ९० दिवसांत दर आठवड्याला वजन, विष्ठेची तपासणी, खाल्लं का नाही याची वही. बॉल पायथन कित्येक आठवडे खात नाही, वजन टिकून असेल तर घाबरायचं नाही, जबरदस्तीने भरवायचं तर नाहीच. एवढे दिवस कशाला असं विचारतात, तर माइट्स रक्तातून जंतू एका सापाकडून दुसऱ्याकडे नेतात, आणि पायथन आणि बोआ या अजगरासारख्या सापांचा आयबीडी नावाचा बरा न होणारा विषाणूजन्य रोगही त्यांच्यामुळे पसरत असावा असा संशय आहे. तो उशिरा दिसतो, माइट गेली म्हणून रोग गेला असं नसतं.

माइट्स माणसालाही चावतात, माझ्या मनगटावर खाजरे लाल पुरळ आले होते, पण त्या माणसावर टिकत नाहीत. हात साबणाने धुणं मात्र रोजचं, सापांच्या अंगावर साल्मोनेला हा जुलाब-ताप आणणारा जिवाणू असू शकतो, लहान मूल असलेल्या घरात तर हे अजिबात विसरू नका.

कॉर्न स्नेक वाचला, दोन महिन्यांनी तोंड परत गुलाबी झालं. दोन्ही पायथनांची मोजणी ६१ व्या दिवसापर्यंत आली आणि सकाळी कागदावर एक माइट. एकच. मला रडूच आलं, कारण लाकडी कपाट मी खोलीबाहेर काढलं नव्हतं. कपाट हलवलं, प्रत्येक सांध्यातून कढत पाणी घातलं, वहीत परत दिवस पहिला लिहिला. डिसेंबरच्या शेवटी ९० झाले. त्याच आठवड्यात ज्याच्या डोळ्यावर जुनी कात अडकली होती त्याने कात टाकली, एकसंध, डोळ्यांच्या टोप्यांसकट. मी ती पाण्यात भिजवून पांढऱ्या ताटात पसरली आणि भिंग घेऊन डोक्यापासून शेपटीपर्यंत बघितली. काही नव्हतं.