लिटर, मिली, घनमीटर: मापाचा अंदाज डोळ्याला कसा लावायचा

परवा घरात डब्यावरनं वाद झाला. एका दुकानात तेलाचा डबा स्वस्त म्हणून आणला, घरी येऊन बघतोय तर वर लिहिलंय 15 लिटर, आणि आम्ही नेहमी घेतो तो 15 किलोचा. आता ह्यात फरक काय असं बऱ्याच जणांना वाटतं, पण आहे, चांगला दीड लिटरचा आहे. तेल पाण्यापेक्षा हलकं, एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं (पिशवीवर बघा, बारीक अक्षरात छापलेलं असतंय), म्हणजे 15 लिटरच्या डब्यात तेल साडेतेरा किलोच्या आसपास, आणि 15 किलोच्या डब्यात जवळजवळ साडेसोळा लिटर. त्यामुळं भाव विचारताना आधी विचारा, किलोचा का लिटरचा.

लिटर डोळ्यासमोर आणायचा तर 10 सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच असा डबा धरा, त्यात मावतं ते एक लिटर. त्याचे हजार भाग केले की एक मिली. आणि असले हजार डबे एक मीटरच्या चौकोनी हौदात बसतात, तो झाला एक घनमीटर, म्हणजे 1000 लिटर. पाण्याचं तर अजून सोपं, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. आजी अजून पावशेर दूध म्हणती, तिला पाव लिटर म्हणायचं असतंय, 250 मिली.

आता खरं महत्त्वाचं, फवारणी. आमच्या तासगाव भागात द्राक्षबागा, त्यामुळं मिलीचा हिशोब रोजचा. लेबलवर लिटरला 2 मिली लिहिलंय, पंप 15 लिटरचा, तर 30 मिली. 200 लिटरच्या टिपाडाला 400 मिली. इथंपर्यंत सगळ्यांना येतंय, चूक होती ती टोपणात. चुलत्यांनी एकदा टोपण 10 मिलीचं धरून तीन टोपणं टाकली, नंतर मोजलं तर टोपण 15 मिलीचं निघालं, म्हणजे 30 च्या जागी 45 गेलं, दीडपट. चार दिवसांनी पानांच्या कडा करपल्या, बघून जीव तुटला. तेव्हापासनं एकच नियम, मेडिकलमधनं 10 मिलीची बिनसुईची सिरिंज आणायची, नवीन बाटली आली की आधी पाणी मोजून टोपणात भरून बघायचं, किती बसतंय ते टोपणावर मार्करनं लिहायचं, आणि ती सिरिंज पंपाच्या पेटीतच ठेवायची, घरात औषधाला चुकूनही वापरायची नाही.

लेकराच्या औषधाचंपण तसंच आहे. 5 मिली सांगितलं की आपण चमचा घेतो, पण घरातले चमचे सगळे सारखे नसतात, कुठला तीनचा तर कुठला सातचा. बाटलीसोबत छोटं माप येतं तेच वापरा, आणि ते डोळ्याच्या रेषेत धरून बघा, वरनं बघितलं की चुकतंय.

टाकीचं माप आपण फुटात घेतो, त्याला 28.3 हा आकडा लक्षात ठेवा. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, गुणिले 28.3, आले लिटर. 4 बाय 3 बाय 3 ची टाकी म्हणजे 36 घनफूट, हजार लिटरला जरा जास्तच.

हाच आकडा पावसाळ्यात पण कामाला येतो. कोयनेतनं 10 हजार क्युसेक सोडले अशी बातमी आली की क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे सेकंदाला 28.3 लिटर, मग 10 हजार क्युसेकचे झाले 2 लाख 83 हजार लिटर. 10 हजार लिटरचे 28 टँकर, दर सेकंदाला. कोयना धरण भरतं 105.25 टीएमसीला, आणि एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे 2832 कोटी लिटर. कोयनेचं पाणी कृष्णेतनं सांगलीत येतं, तिथल्या आयर्विन पुलाजवळ पाणी चढायला लागलं की आमच्याकडं आता पोरं आधी क्युसेक विचारतात आणि मोबाईलवर टँकर मोजत बसतात.