पट्टी, गुडघा आणि कोपर: चेतासंस्था घरी कशी पाहायची

नववीच्या वर्गात चेतासंस्था शिकवायला घेतली की मी फळ्यावर लगेच मेंदू काढत नाही. काढला की निम्मा वर्ग प्रमस्तिष्काच्या (मोठ्या मेंदूच्या) वळ्या जमत नाहीत म्हणून खोडरबर शोधत बसतो. मी सांगते, ३० सेंटिमीटरची पट्टी काढा.

दोघं लागतात. हात टेबलावर टेकवा, पंजा कडेच्या बाहेर. जोडीदारानं पट्टी उभी धरायची, शून्य खाली, तुमच्या अंगठा आणि तर्जनीच्या मधोमध. बोटं पट्टीला लागू द्यायची नाहीत. तो न सांगता सोडेल, तुम्ही पकडा. अंगठ्यापाशी किती सेंटिमीटर आले ते लिहा. पहिले तीन झेल हिशेबात धरू नका, पुढच्या दहांची सरासरी काढा. आकडा दुप्पट करून ९८० ने भागा आणि वर्गमूळ घ्या. पट्टी सुटल्यापासून तुम्ही पकडेपर्यंत लागलेला वेळ मिळेल. २० सेंटिमीटर आले तर ०.२० सेकंद, १५ आले तर साधारण ०.१७.

आता आकृती काढा, कारण आता तिला अर्थ आहे. डोळ्यातून निघालेला संदेश मेंदूच्या पार मागच्या भागात गेला. तिथून पुढे येत 'पकड' असा हुकूम तयार झाला, मेरुरज्जूतून (पाठीच्या कण्यातल्या दोरीसारख्या भागातून) मानेपर्यंत उतरला आणि दंडातल्या चेतांमधून, म्हणजे संदेश नेणाऱ्या तंतूंमधून, बोटं मिटवणाऱ्या स्नायूंपर्यंत पोचला. दोन चेतापेशी जिथे भेटतात तिथे बारीक फट असते. विजेसारखा आलेला संदेश ती रसायनाच्या मदतीनं ओलांडतो, आणि तिथे थोडा थोडा वेळ जातो.

मग डोळे मिटून करा. जोडीदारानं सोडतानाच 'हं' म्हणायचं. मुलं पैजेवर सांगतात की प्रकाश आवाजापेक्षा वेगवान, म्हणजे डोळाच जिंकणार. बहुतेक वेळा कान जिंकतो! डोळ्याच्या पडद्यावर प्रकाशाचा संदेश बनायला रासायनिक क्रियांची साखळी लागते. कानातल्या केसपेशी नुसत्या हलल्या की काम झालं. (जोडीदार 'हं' आधी म्हणून पट्टी मग सोडत असेल तर आकडे खोटे येतात. माझ्या वर्गात एकानं उणे सेंटिमीटर आणून दाखवले होते.)

आता गुडघा. उंच खुर्चीवर किंवा कट्ट्यावर बसा, पाय लोंबते. वाटीच्या खाली मऊ खळगा लागतो, तिथे पंजाच्या कडेनं हलकेच मारा. लाटणं नको, ते मी एकदा घरी करून पाहिलं आणि दोन दिवस लंगडले. पाय उडाला नाही तर ताठ बसलेलं असाल. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढा आणि त्याच वेळी मारून घ्या. ही युक्ती येंद्रासिक नावाच्या हंगेरियन डॉक्टरांची, अजून दवाखान्यात वापरतात.

इथे संदेश मांडीच्या स्नायूतून कंबरेजवळच्या मेरुरज्जूत जातो, एकच फट ओलांडतो आणि परत फिरतो. मेंदूला विचारलंच जात नाही, नंतर नुसतं कळवलं जातं. म्हणून झेलाला लागला त्याच्या चौथाईच वेळात पाय हलू लागतो. पण मेंदू वरून लगाम मात्र ओढू शकतो, म्हणून तर ताठ बसलेल्या मुलाचा पाय कधी कधी उडत नाही.

शेवटी कोपर. आतल्या बाजूच्या हाडामागच्या खोबणीत बोटानं दाबा, हळूच. कोपर दाबलंत, झिणझिण्या आल्या करंगळीत. ती चेता तिथून करंगळीला आणि शेजारच्या अर्ध्या बोटाला जाते. मधे कुठेही छेडली तरी मेंदू पत्ता करंगळीचाच वाचतो.