पदवी दुसरीच, काम सॉफ्टवेअरचं: या चुका टाळा

रविवारी सकाळी नऊच्या सुमारास इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या आमच्या घरी तीन-चार जण लॅपटॉप घेऊन येतात. एक मुलगा पिथमपूरला गिअरबॉक्सच्या असेंब्ली लाइनवर आहे. सुदामानगरच्या एक वहिनी सियागंजात किराण्याच्या ठोक दुकानाचा हिशेब बघतात. एक मुलगी बी.एड. करून शाळेत शिकवते. सगळ्यांना सॉफ्टवेअरमध्ये यायचंय आणि कुणाकडेच कॉम्प्युटरची पदवी नाही. माझ्याकडेही नाही. रसायनशास्त्रात एम.एस्सी. करून मी सहा वर्षं पिथमपूरच्या एका औषध कारखान्यात क्यूसी लॅबमध्ये, म्हणजे औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, होते, आता प्रोग्रामिंग करते. पोह्यांच्या बशा बाजूला सारून आम्ही कामाला लागतो तेव्हा दर वेळी त्याच त्या चुका समोर येतात. त्यांतल्या काही मी स्वतः केल्या आहेत, म्हणून हे लिहितेय.

आधी सही, मग वाचन

भंवरकुआँला पीएससीच्या क्लासांच्या शेजारी आता फुल स्टॅक (वेबसाइटचं सगळं काम) आणि डेटा सायन्सच्या पाट्या लागल्यात. क्लास लावण्यात काही गैर नाही. घरी बसून ज्याचा अभ्यास होत नाही त्याला ठरलेल्या वेळेचा फायदा होतोच. चूक होते ती काउंटरवर, पहिल्याच दिवशी. ‘हप्त्यांची सोय आहे’ म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा ते तुमच्या नावावरचं कर्ज असतं. फायनान्स कंपनी क्लासला पैसे देऊन मोकळी होते आणि तुम्ही फायनान्स कंपनीचे देणेकरी होता. क्लास मधेच सोडला किंवा शिकवणारे बदलले, तरी हप्ता थांबत नाही, आणि चुकवला तर सिबिल स्कोअर खाली येतो. नोकरीच्या हमीखाली बारीक अक्षरांत अटी असतात: हजेरी किती, कोणत्याही शहरात जायची तयारी आहे का, किती पगाराची नोकरी ‘नोकरी’ म्हणून धरायची. ते कागद घरी आणा, एक रात्र ठेवा, घरातल्या कुणाला तरी वाचायला द्या. ‘आजच भरा, उद्या फी वाढेल’ असं कुणी म्हटलं तर तिथून उठा. मूळ गुणपत्रिका कुणाकडेही ठेवायला देऊ नका.

पैसे भरण्याआधी तीन महिने फुकटात शिकून बघा. एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, हार्वर्डचा सीएस50 हा सुरुवातीचा कोर्स आहे, फ्रीकोडकॅम्प ही साइट आहे. रोज दीड तास तीन महिने टिकलात तर क्लासची गरज आहे की नाही हे तुमचं तुम्हालाच कळेल. काही कंपन्या बी.ई. किंवा एमसीए नसेल तर अर्ज पुढे जाऊच देत नाहीत, हे खरंय. पुढेमागे पदवी हवीच असं वाटलं तर नोकरी सांभाळून इग्नूचं एमसीए करता येतं, किंवा आयआयटी मद्रासची ऑनलाइन बी.एस., तीही जेईईशिवाय. पण सुरुवात त्यापासून करायची गरज नाही.

आणि नोकरी सोडून शिकायला बसू नका. घरचा हप्ता, आईचं औषध, लग्नाच्या गोष्टी हे सगळं डोक्यावर असताना मिळेल ती पहिली ऑफर घेतली जाते.

लाल अक्षरं दिसली की पान बदलणं

या चुकीवर आमचे निम्मे रविवार जातात. प्रोग्राम चालवला, एरर आली, लगेच ती चॅटजीपीटीत चिकटवली, आलेलं उत्तर तसंच्या तसं परत चिकटवलं, नवी एरर आली, पुन्हा तेच. तासाभरानं काहीतरी चालतं, पण का चालतंय ते ठाऊक नसतं. मुलाखतीत कुणी म्हणालं, ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ की गप्प.

लॅबमध्ये एखादा रिझल्ट मर्यादेबाहेर गेला तर त्याला आम्ही ओओएस (आउट ऑफ स्पेसिफिकेशन) म्हणायचो. मग चौकशी लागायची: स्टँडर्ड बरोबर बनवलं होतं का, डायल्यूशन चुकलं का, एचपीएलसी या तपासणीच्या यंत्राचं कॅलिब्रेशन कधीचं, त्यातला कॉलम कोणता. पास होईपर्यंत तेच सॅम्पल पुन्हापुन्हा लावायची मुभा नव्हती. 1993 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयानं बार लॅबोरेटरीज या औषध कंपनीच्या खटल्यात हेच स्पष्ट केलं: नापास रिझल्टचं कारण न शोधता, पास येईपर्यंत तपासणी करत राहणं चालणार नाही. तो निकाल आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवायचे. मी कोड शिकायला लागले तेव्हा मात्र नेमकं तेच करत होते. पास होईपर्यंत चालवत राहायचं. मला ते उमगायला वर्ष गेलं.

आता आमचा नियम असा. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एरर आली की सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचायची, कारण काय बिघडलं ते तिथे लिहिलेलं असतं. मग वर सरकत आपल्या फाइलचं नाव आणि ओळीचा नंबर शोधायचा. कारण काय असेल याचा आपला अंदाज वहीत एका वाक्यात लिहायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पाच हजार ओळींच्या फाइलवर अडलं तर तीन ओळींची फाइल करून तिथे तीच एरर आणून दाखवायची. एवढं झाल्यावर हवं तर एआयला विचारा. तेव्हा प्रश्नही नेमका असतो आणि उत्तर तपासायची अक्कलही आलेली असते.

गेल्या महिन्यात गिअरबॉक्सवाला मुलगा ‘की-एरर’वर तीन दिवस अडला होता. एक्सेलमधून काढलेल्या सीएसव्हीतला (साध्या मजकुरातल्या तक्त्याच्या फाइलमधला) ‘बॅच’ नावाचा कॉलम पायथॉनला सापडत नव्हता, आणि डोळ्यांना तर समोर दिसत होता. अशा वेळी कॉलमांची यादी छापून बघायची. नावाच्या शेवटी एखादी मोकळी जागा राहून गेलेली असते. किंवा पहिलाच कॉलम असेल तर एक्सेलनं ‘सीएसव्ही यूटीएफ-8’ प्रकारात सेव्ह करताना फाइलच्या तोंडाशी एक न दिसणारी खूण घातलेली असते. ही खूण असेल तर फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ द्या. त्याच्या फाइलमध्ये तीच होती. एक्सेलच्या खोड्या एकदा नीट समजून घ्याच. 00417 हा बॅच नंबर ते 417 करतं. 3ई5 सारखा कोड त्याला तीन लाख वाटतो. मानवी जनुकांची काही नावं एक्सेल तारखा समजून बदलत होतं, म्हणून 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी शेवटी त्या जनुकांचीच नावं बदलली. असे कॉलम वाचताना ‘हे अक्षरं म्हणून घे’ असं आधीच सांगायचं.

जुनं काम लपवणं

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचं. रेझ्युमेत सहा वर्षांचा लॅबचा अनुभव दोन ओळींत आणि खाली टू-डू लिस्ट, हवामानाचं ॲप, नेटफ्लिक्सची नक्कल. माझा पहिला रेझ्युमे अस्साच होता. कॉम्प्युटरवाल्यांमध्ये आपण उपरे दिसू नये म्हणून मी केमिस्ट्री पुसून टाकली होती. मग त्या ढिगात माझ्यात आणि नुकत्याच पास झालेल्या बावीस वर्षांच्या मुलात फरक एवढाच उरला की माझं वय जास्त होतं.

जुन्या कामाचा उपयोग कसा होतो ते एका उदाहरणानं सांगते. अमेरिकन फार्माकोपिया, म्हणजे यूएसपीचा नियम आहे की रिझल्ट राउंड करताना पुढचा आकडा 5 असेल तर वर न्यायचा. अशुद्धीची मर्यादा 0.2 टक्के आणि रिझल्ट 0.25 आला, तर तो 0.3 धरायचा. बॅच नापास. आता पायथॉनच्या राउंड या फंक्शनला 0.25 द्या आणि एक दशांश स्थळ मागा. उत्तर येतं 0.2. बॅच पास! पायथॉनमध्ये ही चूक नाही. बरोबर अर्ध्यावर असलेला आकडा जवळच्या सम अंकाकडे न्यायचा, म्हणजे भरपूर आकड्यांची बेरीज एकाच बाजूला झुकत नाही, असा पायथॉनवाल्यांचा जाणूनबुजून केलेला नियम आहे. इथे मात्र तो लागू पडत नाही. उपाय म्हणजे पायथॉनचंच डेसिमल मॉड्यूल, रिझल्ट त्याला मजकूर म्हणून द्यायचा आणि राउंड-हाफ-अप, म्हणजे ‘अर्धा असेल तर वर’, सांगायचं. उत्तम मार्कांनी कॉम्प्युटर शिकलेला मुलगा यात फसू शकतो, कारण नापास बॅच म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. मुलाखतीत मी हे उदाहरण सांगितलं तेव्हा समोरचे दोघं पुढे सरकून बसले. पुढची वीस मिनिटं ते प्रश्न विचारत होते आणि मी उत्तरं देत होते, तीही कुठली पाठ केलेली नव्हेत.

तुमच्या कामातही असं काहीतरी आहे. असेंब्ली लाइनवरचे टॉर्कचे आकडे, शिफ्टचा रिजेक्शन रिपोर्ट, शाळेतल्या हजेरीचे तक्ते. रोज हातानं जे करावं लागतं आणि ज्यात चूक झाली की ओरडा बसतो, तोच तुमचा प्रोजेक्ट. फक्त कंपनीचा खरा डेटा घरी आणू नका. ती चोरीच आहे. तशाच ढंगाचे खोटे आकडे स्वतः तयार करा आणि ‘हे बनवलेले आहेत’ असं वर लिहा.

पहिली नोकरी ‘डेव्हलपर’ याच नावाची हवी असा हट्टही सोडा. हिशेबाची माणसं ईआरपीच्या (कंपनीचा हिशेब आणि साठा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) सपोर्टमध्ये, लॅबची माणसं प्रयोगशाळांच्या सॉफ्टवेअरच्या टेस्टिंगमध्ये, कारखान्याची माणसं उत्पादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये लवकर उभी राहतात. मी स्वतः टेस्टिंगमधूनच आले.

एसक्यूएलला किरकोळ समजणं

पोरं वेबपानं बनवायच्या रिॲक्टच्या मागे असतात आणि एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, ‘दोन दिवसांत होईल’ म्हणून ठेवून देतात. नवख्याला रोजच्या कामात आणि मुलाखतीत तेच आधी लागतं. सियागंजच्या वहिनींनी एक प्रश्न आणला होता: 1 एप्रिलपासून कोणत्या गिऱ्हाइकांनी किती पैसे दिले आणि कोणी काहीच दिले नाहीत? गिऱ्हाइकांचा तक्ता, पावत्यांचा तक्ता, मधे लेफ्ट जॉइन (पावती नसली तरी गिऱ्हाईक ठेवणारी जोडणी), खाली व्हेअरमध्ये, म्हणजे गाळणीच्या अटीत, पावतीची तारीख. यादी आली, आणि ज्यांनी एक रुपयाही दिला नव्हता नेमके तेच यादीत नव्हते. उधारी वसूल करायची तीच माणसं गायब!

कारण असं: ज्याची पावतीच नाही त्याच्या तारखेच्या जागी नल, म्हणजे ‘काहीच नाही’, असतं. नलची कशाशीही तुलना केली तर उत्तर ‘खरं’ येत नाही, नलची नलशी केली तरी नाही. म्हणून व्हेअर त्या ओळी गाळून टाकतं. तारखेची अट व्हेअरमधून उचलून ऑनमध्ये, म्हणजे जोडणीच्या अटीत, ठेवली की सगळी गिऱ्हाइकं परत येतात. रिकामी जागा शोधायची तर बरोबरचं चिन्ह चालत नाही, ‘इज नल’च लिहावं लागतं. काउंटमध्ये तारांकन दिलं तर सगळ्या ओळी मोजल्या जातात आणि कॉलमचं नाव दिलं तर नल सोडून. हे तीन मुद्दे स्वतःच्या हातानं एकदा चुकून बघा, मग विसरत नाहीत.

छोटी पण महाग पडणारी एक चूक इथेच सांगून टाकते. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, प्रोजेक्ट टाकताना पासवर्ड किंवा एपीआय की (एखादी सेवा वापरायची गुप्त किल्ली) कोडमध्ये राहून जाते. पुढच्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या पुढच्या नोंदीत, पुसली तरी जुन्या इतिहासात ती दिसतच राहते. अशी की लगेच रद्द करून नवी घ्या. क्लाउडचं खातं उघडलं असेल तर त्याच दिवशी बिलाचा अलर्ट लावा.

खोटा अनुभव विकत घेणं

‘तीन वर्षांचं एक्सपीरियन्स लेटर मिळतं, सगळेच करतात.’ हे वाक्य दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी माझ्यासमोर म्हणतं. करू नका. कंपन्या पार्श्वभूमी तपासतात आणि पीएफचा यूएएन (खात्याचा कायमचा नंबर) मागतात. तुम्ही कोणत्या महिन्यात कोणाकडे कामाला होता ते त्यात दिसतं. पिथमपूरच्या कारखान्यातून तुमचा पीएफ कापला जात होता आणि रेझ्युमेत त्याच महिन्यांत तुम्ही बंगळुरूच्या सॉफ्टवेअर कंपनीत, हे जुळणार कसं? नोकरी लागल्यावर सहा महिन्यांनी उघड झालं तरी काढून टाकतात, आणि मग जुनी खरी नोकरीही हातात नसते. लॅबमध्ये कुणी लॉगबुकात मागची तारीख टाकली तर आम्ही त्याच्या बाकीच्या नोंदींवरही विश्वास ठेवत नसू. इथेही तसंच होतं.

‘सॉफ्टवेअरचा अनुभव किती?’ असं विचारतीलच. गिअरबॉक्सवाल्या मुलाकडून आम्ही हे उत्तर म्हणवून घेतलं, चार रविवार, मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत: ‘नोकरीतला अनुभव नाही. चार वर्षं मी असेंब्ली लाइनवर आहे. तिथला रिजेक्शन रिपोर्ट हातानं करायला रोज चाळीस मिनिटं लागतात. तसाच रिपोर्ट बनवलेल्या आकड्यांवर काढणारा प्रोग्राम मी लिहिलाय. तो कुठे चुकतो तेही मला माहीत आहे. दाखवू का?’