वंशावळीचं सॉफ्टवेअर अपग्रेड करताय? या चुका टाळा

ठाणे, नेरूळ, ऐरोली इथल्या ओळखीच्या मंडळींपैकी कुणा ना कुणाचा दर महिन्याला फोन येतो. नवी आवृत्ती टाकून झालेली असते आणि फोटो कुठे गेले, हे विचारायचं असतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

चालू फाइलवरच अपग्रेड करणं

नेरूळच्या माझ्या आतेभावाने हेच केलं. रविवारी ठाण्यात कुलसंमेलन होतं आणि शनिवारी रात्री अकराला त्याने नवी आवृत्ती टाकली. कारण काय, तर तक्ता रंगीत छापता येतो. फाइलमध्ये ११४० माणसं होती, आठ वर्षांचं काम. ‘फाइल नव्या स्वरूपात बदलायची का?’ असं प्रोग्रॅमने विचारलं आणि याने न वाचता ‘होय’ दाबलं. बदल अर्ध्यावर अडकला. मग ती फाइल नव्यात उघडेना आणि जुन्यातही उघडेना.

हाताशी होती ती फक्त दोन वर्षांपूर्वीची जेडकॉम फाइल, म्हणजे बहुतेक वंशावळ प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या सामाईक स्वरूपातली. ती उघडली तर पडदाभर प्रश्नचिन्हं. एका चौकटीत ‘????? ???????’ आणि खाली १८९०–१९५२. सालावरून आम्ही पणजोबा ओळखले. ती फाइल प्रोग्रॅममधून काढताना अक्षरसंच सगळ्या लिप्या सामावणाऱ्या युटीएफ-८ ऐवजी जुना एएनएसआय राहिला होता आणि त्यात देवनागरीला जागाच नसते. अशी गेलेली अक्षरं कुठल्याही उपायाने परत येत नाहीत. पुढचा सगळा मे महिना आत्या कुलवृत्तांताची छापील प्रत मांडीवर घेऊन नावं वाचत होती आणि आतेभाऊ टाइप करत होता. पुस्तक छापल्यानंतर जन्मलेल्यांची नावं घरोघर फोन करून जमवावी लागली.

माझी सवय सांगतो. आधी फाइलची प्रत काढायची, नावात तारीख घालायची, एक पेन ड्राइव्हवर ठेवायची. जुन्या आवृत्तीची इन्स्टॉलर फाइलही जपायची. नवी आवृत्ती फक्त प्रतीवर चालवायची. मग तीन माणसं उघडून बघायची: माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं असलेली आजी, दत्तक गेलेला मुलगा आणि भरपूर फोटो जोडलेलं कुणीतरी. बिघडतं ते इथेच. हे तिघं जागेवर असतील तर मी पुढे जातो. याला अर्धा तास लागतो, आणि नवशिक्यांना नेमका तोच जड जातो.

जेडकॉमला पूर्ण बॅकअप समजणं

जेडकॉम १९८४ पासून आहे, मॉर्मन चर्चने तयार केलेलं. एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात माहिती नेण्यासाठी ते उत्तम. पण जेडकॉमच्या नेहमीच्या ५.५.१ आवृत्तीच्या फाइलमध्ये फोटो नसतात, फोटो कुठे ठेवलाय त्याचा फक्त पत्ता असतो. फोल्डर हलवलं की चौकटी रिकाम्या. २०२१ मध्ये आलेल्या ७.० मध्ये फोटोसकट गठ्ठा बांधायची सोय आहे, पण समोरच्या प्रोग्रॅमला तो उघडता आला पाहिजे. म्हणून बॅकअप प्रोग्रॅमच्या स्वतःच्या स्वरूपात घ्या. मी वापरतो त्या ग्रॅम्प्स या मोफत वंशावळ प्रोग्रॅममध्ये फोटोसकट पॅकेज निघतं, मी तेच काढतो. जेडकॉम वेगळी, जास्तीची.

गरज न बघता अपग्रेड

जुनी आवृत्ती चालतेय, फाइल तुम्ही एकटेच वापरता आणि नव्यातली एकही सोय तुम्हाला नको असेल, तर थांबा. सवलत आज रात्री संपतेय, हे अपग्रेडचं कारण नव्हे. पण चुलतभावाकडे नवी आवृत्ती असेल आणि फाइलची देवाणघेवाण चालत असेल, तर दोघांनी एकाच दिवशी बदला. ग्रॅम्प्समध्ये नव्याने बदललेली वंशावळ जुन्या आवृत्तीत उघडत नाही. पीएएफ हे जुनं वंशावळ सॉफ्टवेअर २०१३ सालीच बंद झालं, त्यात अजून माहिती असेल तर मात्र चालढकल नको. विंडोज १० वर असाल तर तिचा मोफत आधारही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. नवा संगणक घ्याल तेव्हा संगणक बदलणं आणि वंशावळीचं अपग्रेड ही दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका.

बाकीच्या चुका

नव्या आवृत्तीत शके चालेल या आशेने पैसे भरू नका. ग्रॅम्प्समध्ये ज्यू, इस्लामी, फारसी कालगणना आहेत, शालिवाहन शक नाही. मूळ नोंद टिपेत जशीच्या तशी लिहा आणि इसवी सन वेगळा घाला. चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. पणजोबा माघ शके १८११ चे, म्हणजे १८९० चे. आमच्याकडे कितीतरी वर्षं १८८९ लिहिलेलं होतं.

ग्रॅम्प्सची जोड-साधनं (ॲड-ऑन) मोठ्या अपग्रेडनंतर पुन्हा घालावी लागतात, आधी यादी करून ठेवा.

संमेलनाच्या किंवा छपाईच्या आठवड्यात काहीही बदलू नका.

आणि जुनी आवृत्ती लगेच काढून टाकू नका. मी पंधरा दिवस दोन्ही ठेवतो, रोज थोड्या नोंदी नव्यात करतो, आणि एक तक्ता कागदावर छापून आत्याला दाखवतो. चुकलेलं नाव तिला सगळ्यांच्या आधी दिसतं.